घड्याळकाकांची नोटीस

शिंप्याच्या दुकानातलं घड्याळ दर चार दिवसांनी मागे पडायचं. शिंपी ते ना रेडिओवर लावायचा, ना फोनमध्ये बघून. टपाल आलं की उठून काटे दहा-चाळीसवर सरकवायचा आणि पुन्हा मशिनवर बसायचा. त्यावरून पोस्टमनला गल्लीत घड्याळकाका हे नाव पडलं आणि पुढे पोस्टातही तेच चालू झालं. एकोणतीस वर्षं एकच बीट, तेच रस्ते, तीच दारं. फरक इतकाच, की पूर्वी पिशवी उजव्या खांद्यावर असायची आणि आता तो खांदा वर उचलतच नसल्यामुळे डाव्या खांद्यावर आली होती.

काका नाकासमोर चालणारे. अशा माणसांचं कौतुक सगळे करतात आणि त्यांच्याबरोबर काम करायची वेळ आली की मनातल्या मनात शिव्या घालतात. त्या महिनाअखेरच्या आदल्या दिवशीचंच घ्या. टपालाची गाडी वाटेत बंद पडली आणि थैली पोचली संध्याकाळी पावणेसहाला. साडेपाचला पोस्ट बंद होतं. माणसांनी डबे आवरले होते, दोघं-तिघं तर चपला घालून उभे होते. थैली कोपऱ्यात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी फेरी आटोपल्यावर दुपारी उघडायची, असं सर्वानुमते ठरलं. सर्वानुमते म्हणजे काका सोडून.

"आलंय ते फोडून ठेवू," काका म्हणाले. "उद्या सकाळच्या फेरीत निघेल तरी."

"पत्रं काय नासतात का काका?" कुणीतरी म्हणालं.

 काकांनी थैलीचा दोरा कापला. रजिस्टर पत्रांची नोंद शिक्केवाल्या बाईंनाच करावी लागते, त्यामुळे त्यांनाही थांबावं लागलं. बाई प्रत्येक पत्रावर शिक्का असा हाणत होत्या, की टेबलावरची दौत सरकत सरकत कडेला आली. सात वाजता काम संपलं. कमरेवर हात ठेवून काका सरळ उभे राहिले तेव्हा त्यांना बरं वाटलं. काम शिल्लक न ठेवता घरी जायचं सुख त्यांना अजूनही होतं, आणि खरं सांगायचं तर या वयात दुसरी सुखं फारशी उरलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आपल्या बीटचा गठ्ठा रस्त्याप्रमाणे लावत बसले. शिंप्याची दोन, कोपऱ्यावरच्या दवाखान्याची सहा, सतरा नंबरचं एक. मग एक तपकिरी लिफाफा आला, रजिस्टर, पोचपावतीचं कार्ड जोडलेला. घेणाऱ्याच्या जागी त्यांचं स्वतःचंच नाव होतं. खाली त्यांच्याच घराचा पत्ता आणि 'तळमजला' हा शब्द अधोरेखित. पाठवणाऱ्याचं नाव होतं घरमालकाचं, दूरच्या शहरातलं. अक्षर मात्र घरमालकाचं नव्हतं. ते मास्तरांचं होतं. फळ्यावर चाळीस वर्षं लिहिलेल्या माणसाचं सरळ, उभं, ठसठशीत अक्षर काकांनी हजारांतून ओळखलं असतं.

मास्तर म्हणजे घरमालकाचे वडील. वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. घर त्यांनीच बांधलेलं, पण चार वर्षांपूर्वी "मागाहून कटकट नको" म्हणून मुलाच्या नावावर करून टाकलं होतं. वर्षभरानं काका-काकू तळमजल्यावर राहायला आले. करार तीन वर्षांचा. सही मुलाची, पण मजकूर मास्तरांनी तयार केला होता. आठवं कलम त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, जणू पाठ्यपुस्तकातला धडा: मुदत संपण्याच्या किमान एक महिना आधी लेखी सूचना भाडेकरूच्या हाती पोचली नाही, तर करार त्याच अटींवर आणखी एक वर्ष चालू राहील.

मुदत पुढच्या महिनाअखेरीस संपत होती. आणि आज या महिन्याची अखेर होती.

गेला महिनाभर काका रोज मनातल्या मनात दिवस मोजत होते. काकू गेल्या हिवाळ्यात घसरून पडल्या, कमरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, डॉक्टरांनी बजावलं, की निदान वर्षभर जिन्याचं नाव काढायचं नाही. भाड्याच्या खोल्या मिळतात त्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर. तळमजला म्हटलं की दुकान, गोदाम नाहीतर दुप्पट भाडं. काकांच्या निवृत्तीला तेरा महिने होते. एक वर्ष या घरात काढता आलं तर काकू चालायला लागणार होत्या, नोकरी संपणार होती, मग कुठेही जाता आलं असतं. आजचा एक दिवस सुना गेला की ते वर्ष पदरात पडणार होतं.

शिक्केवाल्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी लिफाफा पाहिला, नाव पाहिलं, महिनाअखेरही त्यांच्या लक्षात आली. घराची काळजी काकांनी जेवणाच्या सुट्टीत त्यांनाच तर सांगितली होती.

"काल मी सांगत होते," त्या हळूच म्हणाल्या. "थैली आज दुपारी फुटली असती, तर हे उद्या निघालं असतं. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात, काका."

काकांनी लिफाफा गठ्ठ्यात आपल्या जागी लावला.

"द्या इकडे. उद्याच्या यादीत टाकते. कोण बघतंय?"

"आजच्या यादीत नोंद आहे."

"माझ्याच हातची आहे ना! खोडता येते मला."

"नको."

"मग इथंच सही करून घ्या नि मोकळे व्हा. उगाच ओझं वाहून कशाला न्यायचं?"

"पत्र पत्त्यावर द्यायचं असतं," काका म्हणाले.

बाईंनी कपाळावर हात मारला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ त्या बावीस वर्षं बघत आल्या होत्या.

लिफाफा काकांनी फोडला नाही. फोडायची गरजही नव्हती. महिनाअखेरीला घरमालक रजिस्टर पत्रानं कुशल विचारत नसतो. आणि हाती पडेपर्यंत पत्र घेणाऱ्याचं नसतं, पोस्टाचं असतं. हा नियम त्यांनी नवीन पोरांना शेकडो वेळा शिकवला होता.

पण त्यांना लागलं होतं ते निराळंच. नोटीस एक वेळ समजू शकते; ज्याचं घर त्याची मर्जी. पण मास्तरांनी ती पोस्टानं पाठवावी? काकू पडल्यापासून हा माणूस रोज संध्याकाळी सहाला खाली यायचा, काकूंच्या खाटेशेजारी स्टूल ओढून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, मधेमधे छापणाऱ्यांच्या चुका काढायचा. सोळा पायऱ्या उतरून तोंडानं सांगायचं सोडून त्यानं पत्र टाकलं, तेही इथल्या पोस्टात नाही. लिफाफ्यावर शिक्का स्टेशनजवळच्या पोस्टाचा होता. तिथलं टपाल आधी शंभर कोसांवर छाटणीला जातं आणि मग परत येतं. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर यायला पत्रानं दोनशे कोसांचा प्रवास केला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा! गेले तीन दिवस मास्तर खोकल्याचं निमित्त सांगून खालीही आले नव्हते. तो खोकला कसला होता ते काकांना आत्ता कळलं.

फेरी नेहमीसारखीच सुरू झाली. दहा-चाळीसला शिंप्याकडे. शिंप्यानं काटे सरकवले. दवाखान्यात कंपाउंडरनं "आज उशीर?" म्हणून उगाच चेष्टा केली, उशीर झालेला नव्हता. सतरा नंबरच्या बाई कठड्यावर ओठंगून उभ्या होत्या, त्यांच्या मुलीच्या नोकरीचं पत्र यायचं होतं; आज आलेलं ते नव्हतं. "जरा लवकर आणत चला हो," त्या म्हणाल्या. जणू पत्र काका स्वतःच लिहीत होते. एकोणतीस वर्षं लोक त्यांना लवकर या म्हणत आले होते. काकांनी मान हलवली आणि पुढे झाले. पाय दुखत होते, टाचेत कळ येत होती, आणि पिशवी हलकी होत गेली तरी खांद्याला ते कळत नव्हतं.

मनात एकच गोष्ट घोळत होती. 'दार बंद.' पेन्सिलीनं लिहायचे दोनच शब्द. माणूस घरी नसला की पोस्टमन पत्रावर तसं लिहितो, तारीख घालतो आणि पत्र परत नेतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणतो. काकांच्या माहितीतले दोघं-तिघं तर तीन मजले चढायचा कंटाळा आला, की खालीच उभं राहून 'दार बंद' लिहायचे. काकांनी त्यांना चारचौघांत सुनावलं होतं. पण आता त्यांच्या मनात आलं, त्या पोरांचे पाय दुखत असतील. सगळ्यांचे पाय दुखतात. आज एकदा लिहिलं तर काय आभाळ कोसळणार होतं? एकोणतीस वर्षांत एक दिवस. त्यांच्या जागी दुसरा कुणीही असता तर त्यानं लिहिलं असतं, आणि मलाही तो माणूस वाईट वाटला नसता.

बारा-वीसला ते आपल्याच घरासमोर उभे राहिले. फेरीत असताना ते घरात कधी शिरत नसत, पाण्याच्या घोटासाठीसुद्धा नाही. वरच्या खिडक्या बंद होत्या. काकांनी शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली, लिफाफा पिशवीवर टेकवला.

"कोण आहे?" आतून काकूंचा आवाज आला. "या आत, दार उघडंच आहे."

दार उघडंच असायचं. काकूंना उठून उघडता येत नाही म्हणून सकाळी निघताना काकाच ते उघडं टाकून जात.  काकांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि उंबऱ्याशी आले.

"तुम्ही? या वेळी?" खाटेवर उशीला टेकून काकू शेंगा सोलत बसल्या होत्या. "बरं नाही का वाटत?"

"टपाल आहे."

"कुणाचं?"

"माझ्या नावाचं. घरातलं माणूस घेऊ शकतं. इथं सही कर."

काकूंनी लिफाफ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्या काही अडाणी नव्हत्या; एकोणतीस वर्षं पोस्टाशीच संसार केला होता त्यांनी. "नोटीस?"

"असेल."

"आज तीस तारीख."

"हो."

"म्हणजे उद्या दिलीत तर वर्ष मिळतं, नि आज दिलीत तर महिना." काकूंनी मांडीवरचं ताट बाजूला सारलं. "आणि तुम्ही ती आज घेऊन आलात."

"आज आली, म्हणून आज आणली."

"मी घेणारच नाही म्हटलं तर?"

"तर 'घेण्यास नकार' लिहावं लागतं. कायद्यानं ते मिळाल्यासारखंच धरतात."

"तुमचा कायदा!" काकूंचा आवाज चढला. "मी इथून मोरीपर्यंत जाते ती अकरा पावलं मोजून जाते. त्यातलं एक पाऊल वाढलं तरी जीव जातो माझा. महिनाभरात कुठे जायचं आपण? तुमच्या त्या पिशवीत?"

 काकांनी पेन पुढे केलं. काकूंनी ते हिसकावून घेतलं आणि इतक्या जोरानं सही केली, की कार्डावर पेनाचं टोक उमटलं. खाली तारीखही घातली, न सांगता. "घ्या. आता जा, पुढच्या घरी उशीर होईल तुम्हाला."

काका गेले. खरंच गेले, आणि पुढच्या घरी बारा-पंचवीसला पोचले. इथे त्यांचा राग यावा असं हे वागणं, मलाही येतो. पण त्या पाच मिनिटांत त्यांच्या पाठीचा कणा जो वाकला, तो पुढच्या गल्लीतल्या लोकांनीही पाहिला. "काका, तब्येत सांभाळा," असं त्या दिवशी त्यांना चार जणांनी सांगितलं.

दुपारी पोचपावतीचं कार्ड त्यांनी शिक्केवाल्या बाईंसमोर ठेवलं. बाईंनी शिक्का मारला. आज दौत हलली नाही. कार्ड परत जायचं होतं मालकाच्या पत्त्यावर, मुलाकडे, दूरच्या शहरात. पाचच्या गाडीची थैली बांधायची पाळी काकांचीच होती. त्यांनी ती बांधली आणि गाडी गेल्यावर घरी आले.

 फोडलेला लिफाफा खाटेवर पडला होता. मजकूर अपेक्षेप्रमाणेच: घर विकायचं ठरलं आहे, घेणाऱ्याला ते रिकामं हवं आहे, तरी मुदत संपताच ताबा द्यावा. वाक्यं मास्तरांची, एकही चूक नाही.

सव्वासहाला जिन्यावर पावलं वाजली. मास्तर खाली येत होते, आणि चक्क काहीतरी गुणगुणत होते. खोकल्याचा मागमूस नव्हता. स्टूल ओढून ते बसले आणि हसून म्हणाले, "काय म्हणतोय आजचा दिवस? काही विशेष?"

काकांच्या डोक्यात तिडीक गेली. घर काढून घेणारा माणूस असा हसत येऊन बसतो?  काकूच म्हणाल्या, "आलं की तुमचं पत्र."

मास्तरांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "आलं? कधी?"

"आज. सही केली मी. तारीख घालून."

"आज कसं येईल?" मास्तर काकांकडे वळले. "मी सत्तावीसला दुपारी टाकलं. मुद्दाम स्टेशनच्या पोस्टात टाकलं. चार दिवस लागतात म्हणून तुम्हीच तर सांगत होता! इथं बसून, शंभरदा. चार दिवस म्हणजे उद्या. मी सगळा हिशोब केला होता. आज बारा-वीसला तुम्ही खाली थांबलात, तेव्हा मी वर श्वास रोखून बसलो होतो. मग वाटलं, पाणी प्यायला आला असाल."

"कधी तीन दिवसांतही येतं. कालच्याच थैलीत होतं, पण ती उशिरा आली," काका म्हणाले.  "मी... आम्ही थांबून फोडली."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

मास्तरांनी गुडघ्यांवर हात ठेवले. मग सांगायला लागले, ते भिंतीकडे बघून. मुलाला गिऱ्हाईक मिळालं होतं. नोटीस वेळेत पाठवा, पावती माझ्या पत्त्यावर येऊ द्या, म्हणून त्यानं रोज फोन करून भंडावून सोडलं. नाही म्हणायची सोय नव्हती, घर त्याचं. तेव्हा मास्तरांनी नोटीस पाठवली, फक्त एक दिवस उशिरा पोचेल अशी. तळमजल्याचा करार वर्षभर वाढला असता, गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं असतं आणि दोष सगळा पोस्टाचा. पोस्टाला नावं ठेवली तर कुणाला खोटं वाटत नाही.

"पावती?" त्यांनी विचारलं.

"पाचच्या गाडीनं गेली," काका म्हणाले. "मीच थैली बांधली."

"मग झालंच." मास्तरांनी मान हलवली. "पुढच्या पंधरा तारखेला मला न्यायला गाडी येणार आहे. मुलाकडे आठव्या मजल्यावर खोली आहे म्हणे, हॉलच्या कडेला पडदा लावून. तुम्हाला निदान महिना मिळाला. कागद मिळाला. मला फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. बापाला कुठे कुणी नोटीस देतं?"

काकूंनी डोळे पुसले. दुपारचा राग त्यांच्या चेहऱ्यावर राहिला नव्हता. त्यांनाही आता थकवा आला होता. "अहो मास्तर," त्या म्हणाल्या, "एवढा खटाटोप करण्यापेक्षा आम्हाला एका शब्दानं सांगायचं होतंत. सोळा पायऱ्या तर उतरायच्या."

"उतरलो होतो," मास्तर म्हणाले. "दोनदा. दारापर्यंत आलो नि परत गेलो." त्यांनी काकांकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. "सांगितलं असतं, तर तुम्ही ते पत्र एक दिवस पिशवीत ठेवलं असतंत?"

काकूही बघायला लागल्या. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. हो म्हटलं असतं तर तिघांनाही त्या संध्याकाळी थोडं बरं वाटलं असतं, आणि ते खोटं उघडकीला यायचीही भीती नव्हती. काकांना पेन्सिल आठवली, उंबरा आठवला, काकूंची अकरा पावलं आठवली. त्यांनी मनापासून विचार केला.

"नाही," ते म्हणाले.